भरून पावले

30 एप्रिल 2023, रविवार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांतलं सामान दुपारच्या उन्हात टेम्पोत चढत होतं. भाडेकरू, त्याची बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. टेम्पोवाला घाईला आलेला. शेवटी कपाट परत वर चढवलं. "काकी, कपाट असू दे आठ दिवस, येऊन नेतो," असं म्हणत त्यानं आईकडून भाडेवही मागून घेतली. मागचं एक कोरं पान काढलं आणि पायरीवर बसून लिहिलं:

"ऑगस्ट 2022 ते एप्रिल 2023 असे नऊ महिन्यांचे भाडे रु. 58,500 मी काकींना देणे आहे. दिवाळीपर्यंत सर्व देतो." खाली सही, तारीख.

आईनं ती चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. चार घड्या घालून अंबाबाईच्या तसबिरीमागे खोचली, पोरीच्या मुठीत शंभराची नोट कोंबली आणि टेम्पो मिरजकर तिकटीकडं वळेपर्यंत दारात उभी राहिली.

त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. कपाटही तिथंच होतं.

घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं ते मला माहीत आहे. पाच-सहा फ्लॅट, सोन्याची अंगठी, महिन्याच्या एक तारखेला दारात हजर होणारा माणूस. पेठांमधला घरमालक तसा नसतो. तो बहुतेक वेळा खाली राहतो आणि वर भाडेकरू ठेवतो. नळ एक, जिना एक, पुष्कळदा मीटरही एकच. माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करायचे. ते गेल्यावर आईला जी पेन्शन मिळते तिच्यात तिची रक्तदाबाची औषधं आणि गॅस एवढंच बसतं. बाकी सगळं, म्हणजे किराणा, घरफाळा, पाणीपट्टी, सणवार, नातवंडांच्या हातावर ठेवायचे पैसे, त्या वरच्या दोन खोल्यांच्या साडेसहा हजारांवर चालतं. नऊ महिने ते आले नाहीत, तेव्हा तिनं दूध अर्ध्या लिटरवर आणलं आणि ते मला कळू दिलं नाही. राजारामपुरीत राहणाऱ्या, दर रविवारी घरी जाणाऱ्या माझ्यासारख्या मुलीलासुद्धा ते कळलं नाही. पुढं कधीतरी दूधवाल्याच्या तोंडून ऐकलं.

तिनं त्याला घर सोडायला का सांगितलं नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्याची नोकरी गेली होती. मग बायको दवाखान्यात होती. ज्या घरात आजारपण आहे त्या घरात भाडं कसं मागायचं, असं आईला वाटायचं. तिनं मागितलंच नाही असं नाही. जिन्यावर गाठ पडली की ती म्हणायची, "जरा बघ की रे बाबा." तो म्हणायचा, "देतोय की काकी, कुठं पळून चाललोय व्हय?" एवढ्यावर दोघांचीही सुटका व्हायची. घर सोडून गेल्यावर मात्र हे "जरा बघ की" म्हणायलाही माणूस समोर राहिला नाही. फोन आधी उचलला जायचा, मग उशिरा उचलला जायचा, मग लागेनासा झाला. कुणीतरी सांगितलं, तो सांगलीकडं एका गाड्यांच्या शोरूममध्ये सुपरवायझर आहे, नवी मोटारसायकल घेतली आहे. हे ऐकलं त्या दिवशी आई जेवली नाही. पैशापेक्षा तिला ते लागलं होतं.

पुण्याचा भाऊ म्हणाला, "सोडून दे आई. वकिलाची फी त्याहून जास्त होईल." शेजारचे एक गृहस्थ आपुलकीनंच म्हणाले, "आक्का, तालमीची चार पोरं पाठवू काय? नुसती जाऊन उभी राहिली तरी काम हुईल." आईनं हात जोडले. कोल्हापुरात हा सल्ला प्रत्येक घरमालकाला कधी ना कधी मिळतो, आणि देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण पैशासाठी धमकी देणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 351 आहे, आणि ज्याचं येणं खरं आहे तोच माणूस मग आरोपी होऊन पोलिस ठाण्यात बसतो. आईला कलम माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "त्या पोरीच्या देखत कुणी बापाला दम देऊ नये."

वाट सापडली ती माझ्या शाळेत. जुलै 2025 मध्ये आमच्याकडं कायदेविषयक जागृतीचं शिबिर झालं. नववी-दहावीच्या मुली समोर बसलेल्या, मी मागं हजेरीपट घेऊन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या वकिलांनी सांगितलं, की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणं काही लोकांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मुलं, अपंग, कामगार, कोठडीत असलेले लोक, पुरासारख्या आपत्तीत सापडलेले लोक. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या मुली तिथं जरा सावरून बसल्या. पुढं ते म्हणाले, "आणि स्त्रिया. कुठलीही स्त्री. तिला उत्पन्नाची अट नाही."

मी हजेरीपट मिटला. शिबिर संपल्यावर त्यांना गाठून विचारलं, घरमालकीण असली तरी? ते म्हणाले, बाई आहेत ना? मग प्रश्नच नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. मी वीस वर्षं शिकवते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. आपल्या पेठांमधून वरची खोली भाड्यानं देऊन जगणाऱ्या किती विधवा बायका आहेत! फीच्या भीतीनं त्यांतल्या कितीजणी गप्प बसल्या असतील. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात हे कार्यालय असतं. अर्ज साधा असतो, आणि कुठं जायचं कळत नसेल तर 15100 हा फोन नंबर आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी केएमटीच्या बसनं कसबा बावड्याला गेलो. आईनं इरकली नेसली होती. भाडेवही, जुना करार, लाइट बिलं आणि ती चिठ्ठी असं सगळं एका पिशवीत. न्यायालयाच्या आवारात शिरताना तिनं माझा हात धरला. आमच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं, आणि चढू नये हेच लहानपणापासून ऐकलेलं.

आम्हाला नेमून दिलेल्या वकीलबाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी आधी आईला पाणी दिलं, मग म्हणाल्या, "काकू, मला गोष्ट नको. तारखा सांगा."

आईनं वही उघडली. ही वही आजोबांच्या वळणाची. ते शिकले चौथीपर्यंत, पण हिशेबाला पक्के. त्यांच्या वेळचं भाडं साठ रुपये, तरी प्रत्येक पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही. आईही तसंच करत आली. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं, तिनं त्याखालच्या पावत्यांनाही लावलेली. वकीलबाईंनी वही वाचली आणि कोऱ्या कागदावर नऊ ओळी ओढल्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशी एकाखाली एक नावं. भाडं द्यायची तारीख दर महिन्याची 5. मग प्रत्येक ओळीपुढं आणखी एक तारीख लिहीत गेल्या: 5 ऑगस्ट 2025, 5 सप्टेंबर 2025, 5 ऑक्टोबर 2025...

"थकलेल्या भाड्यासाठी दावा लावायला तीन वर्षं मिळतात. 1963 चा मुदतीचा कायदा आहे, अनुच्छेद 52. आणि काकू, ही तीन वर्षं घर सोडल्यापासून मोजायची नसतात. ज्या महिन्याचं भाडं ज्या दिवशी द्यायला हवं होतं, त्या दिवसापासून मोजायची. म्हणजे प्रत्येक महिन्याला स्वतंत्र तारीख. आज जुलै आहे. तीन आठवड्यांनी तुमची पहिली ओळ मुदतबाह्य होईल. मग दर महिन्याला एकेक."

आई त्या कागदाकडं बघत राहिली. तिची कल्पना अशी होती, की येणं म्हणजे येणं. ते कुठं जातंय? मीही तसंच समजत होते. आम्ही दोघी दोन वर्षं "आज ना उद्या देईल" म्हणत बसलो होतो, आणि तेवढ्यात त्या नऊ ओळी आपापल्या तारखेकडं सरकत होत्या.

मग आईनं पिशवीतून चिठ्ठी काढली. घड्यांवर कुंकू सांडलेलं, एका कोपऱ्याला उदबत्तीचा डाग. वकीलबाईंनी ती टेबलावर सपाट केली, दोनदा वाचली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही आधी का नाही दाखवलीत?"

आई म्हणाली, "तो त्याचा शब्द हुता."

वकीलबाईंनी समजावून सांगितलं. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं लेखी आणि सही करून देणं कबूल केलं, तर कबुलीच्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू होते. मुदतीच्या त्याच कायद्याचं कलम 18. त्यांनी नऊही ओळींपुढच्या तारखा खोडल्या आणि सगळ्यांना मिळून एकच तारीख लिहिली: 30 एप्रिल 2026. वहीच्या मागच्या पानावर घाईत लिहिलेल्या दोन ओळींनी आम्हाला नऊ महिने मिळवून दिले होते. मुदत एकदा संपून गेली असती आणि मग त्यानं असं काही लिहून दिलं असतं, तर कलम 18 उपयोगाचं नव्हतं. तेव्हा "देतो" असं स्पष्ट लेखी वचन लागलं असतं, तो करार कायद्याचा वेगळा विषय. आणि फोनवर शंभरदा "देतो काकी" म्हटलेलं यातल्या कशालाच चालत नाही.

त्यांनी मोबाइलवरचे निरोपही बघितले. "ते पुसू नका, फोन बदलला तरी जपा," म्हणाल्या. असे निरोप पुरावा म्हणून देता येतात, पण सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे.

करार मात्र आमच्यावर उलटणारा होता. शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा, नोटरीचा शिक्का मारलेला, 2019 चा. पुढं त्याचं नूतनीकरण तोंडीच. कोल्हापुरात निम्मे करार असेच असावेत, कारण अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही अशी सगळ्यांची समजूत. इतर राज्यांत ती बऱ्याच अंशी खरी आहे. महाराष्ट्रात नाही. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणं भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

"तो उद्या म्हणाला भाडं साडेसहा नव्हतं, चार हजार होतं, तर?" वकीलबाईंनी विचारलं.

"तसं तो म्हणणार न्हाई," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "चिठ्ठीत अठ्ठावन हजार लिवलंय न्हवं?"

हिशेब तिथंच मांडला. भाडं 58,500. त्यानं न भरलेलं आणि मीटर आईच्या नावावर म्हणून आईनं भरलेलं लाइट बिल 7,340. फुटलेलं बेसिन 1,200. रंगकामाचे 9,000 मी घरून लिहून नेले होते. ते वकीलबाईंनी पेनानं खोडले. "चार वर्षं माणसं राहिली की भिंती मळतात. राहण्यानं होणारी झीज भाड्यातच आली. तोडफोड वेगळी." मला ते पटलं, आणि जरा लाजही वाटली. उरले 67,040. त्यातून डिपॉझिटचे 20,000 वजा. येणं 47,040.

कपाटाचं मी विचारलं, ते विकून टाकायचं का? त्या ठाम होत्या. बाकी राहिली म्हणून त्याची वस्तू आपली होत नाही. न्यायालयाच्या हुकमाशिवाय विकायची नाही, अडवून ठेवायची नाही. नोटिशीत लिहू, की तुमचं कपाट सुस्थितीत आहे, घेऊन जा. आईला हे फार आवडलं. ती दर पंधरवड्याला त्या कपाटावरची धूळ पुसत होतीच.

घरात राहणारा भाडेकरू आणि सोडून गेलेला भाडेकरू यांच्या बाबतीत वाटा वेगळ्या आहेत, हेही त्या दिवशी कळलं. ताबा परत मिळवायचा असेल तर भाडे कायद्याची सगळी कलमं मध्ये येतात. भाडं थकलं म्हणून दावा लावायला आधी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. पाणी-लाइट तोडायला तर सक्त मनाई. घर रिकामं झालं असेल तर उरतो फक्त पैशाचा व्यवहार, आणि तो दिवाणी न्यायालयात न्यायचा. पोलिसांत त्याची तक्रार होत नाही. कुणी भाड्यापोटी चेक दिला असेल आणि तो परत आला असेल, तर ती गोष्ट निराळी. तिथं परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेकच्या कायद्याचं, कलम 138 आहे आणि मुदती फारच तुटपुंज्या आहेत. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग त्याला पंधरा दिवस, मग महिन्याच्या आत फिर्याद. आमच्या गल्लीतल्या एकांनी तो चेक वर्षभर पाकिटात ठेवला आणि मग दाखवला.

सोडून गेलेल्या माणसाची मुख्य अडचण म्हणजे पत्ता. नोटीस कुठं पाठवायची? शोरूमचं नाव नक्की नाही, सांगलीतलं घर माहीत नाही. आईनं 2019 मध्ये आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन ठेवली होती, त्यावर पन्हाळा तालुक्यातलं गाव होतं. त्या पत्त्यावर रजिस्टर एडीनं नोटीस गेली. एक पानाची, सौम्य भाषेतली. किती येणं, कशाचं, चिठ्ठीची तारीख, कपाट घेऊन जा, पंधरा दिवसांत उत्तर द्या. वकीलबाई म्हणाल्या, "रागानं लिहिलेली नोटीस वाचून माणूस वकील शोधतो. हिशेब वाचून कधी कधी फोन करतो."

त्याचा फोन आला नाही. आले त्याचे वडील.

ऑगस्टचा मधला आठवडा होता. शहरात सगळीकडं स्वागताच्या कमानी लागल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत 18 ऑगस्टपासून सुरू होणार होतं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि लोकांनी कितीतरी वर्षं आंदोलन केलं तेव्हा ते मिळालं. मला त्याचा आनंद होता, आजही आहे. त्या गडबडीत डोक्यावर गांधी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात काकवीची बाटली असलेले सत्तरीचे गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. नोटीस त्यांनी गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतली होती.

"पोरानं तुमचं देणं ठेवलंय, मला आज कळालं," ते म्हणाले, आणि टॉवेलातून दुधाच्या बिलाचे दहा हजार काढून आईपुढं ठेवले.

मी तिथंच होते. खरं सांगते, मला वाटलं आईनं ते घ्यावेत. दोन वर्षांनी पहिल्यांदा पैसे डोळ्यांना दिसत होते. आईनं नोटांना हात लावला नाही. "दादा, हे देणं तुमचं न्हाई. त्यानं सही केलीया, त्यानंच द्यायचं." वकीलबाईंनी हेच सांगून ठेवलं होतं, की सज्ञान मुलाच्या देण्याला बाप जबाबदार नसतो, त्यांच्यावर दबाव आणू नका. पण आई काही त्यांचं ऐकून बोलली नव्हती. चहा झाला. त्यांनी मुलाचा नवा नंबर आणि सांगलीचा पत्ता माझ्या वहीत लिहून घ्यायला लावला, आणि काकवी ठेवून ते रंकाळा स्टँडकडं निघून गेले.

आता पुढं काय, म्हणून आम्ही पुन्हा बावड्याला. दावा लावायचा तर कैफियत, पुरावा, तारखा, मग हुकूमनामा. हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही, त्यासाठी पुन्हा दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी जप्तीचा अर्ज द्यायचा, आणि माणूस सांगलीला असला तर ती तिकडच्या न्यायालयात वर्ग करून घ्यायची. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते. जप्ती हा शब्द ऐकून आई पुढं सरकली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, "त्याच्या बायकोच्या अंगावरचं काही काढून घेणार न्हाईत न्हवं?"

वकीलबाईंनी कपाटातून दिवाणी प्रक्रिया संहिता काढली आणि कलम 60 उघडून, वाचत वाचत मराठीत सांगितलं. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणं बाईनं जो दागिना उतरवायचा नसतो तोही नाही. "म्हणजे मंगळसूत्राला कुणी हात लावू शकत नाही, काकू." कारागिराची हत्यारं नाहीत, मजुराची मजुरी नाही. पगारदाराचा पगारही सगळा नाही. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याच्या घरासाठी सोडायचे. त्यांनी गणित करून दाखवलं. पगार सोळा हजार धरला तर हजार बाजूला, पंधरा हजारांचा तिसरा हिस्सा पाच हजार. कोर्टाच्या वाटेनं गेलं तरी पगारातून महिन्याला पाच हजारच हाती येतील.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग पाच हजारच मागू या की आधी."

कायद्याच्या एका कोरड्या कलमात देणेकऱ्याच्या चुलीची आणि त्याच्या बायकोच्या गळ्याची काळजी कुणीतरी लिहून ठेवली आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आईच्या मनातली जी भीती तिला दोन वर्षं मागू देत नव्हती, तिचं उत्तर 1908 सालच्या कायद्यात होतं.

वकीलबाईंनी लोकन्यायालय सुचवलं. दावा न लावताही, दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही. समोरच्याला नोटीस जाते. यायचं की नाही ही त्याची मर्जी. पण तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला तर थेट दरखास्त. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली: बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नसते. जमलं नाही तर 30 एप्रिलच्या आत दावा लागलाच पाहिजे. तो मसुदा त्यांनी आधीच तयार करून फायलीला लावला.

सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकन्यायालयाला तो आला. एकटाच. केस विरळ झालेले. आईला बघून वाकून नमस्कार केला, तेव्हा आईचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. मग आम्ही पॅनेलसमोर बसलो. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी चिठ्ठी त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, सही तुमची? तो म्हणाला, होय. भाड्याबद्दल तो एक शब्द वावगं बोलला नाही. लाइट बिलावर अडला. म्हणाला, शेवटच्या बिलात आम्ही गेल्यानंतरचे दिवसही आहेत. आईनं वही काढली. 30 एप्रिलच्या पानावर, टेम्पो गेल्यावर तिनं लिहून ठेवलं होतं: मीटर 8,412. बिलातला आकडा जुळवला, तर फरक थोडासाच निघाला, पण निघाला. तो म्हणत होता ते तेवढ्यापुरतं खरं होतं. बेसिनला आधीच तडा होता असंही तो म्हणाला. आई म्हणाली, "असंल. सोडा ते."

ठरलं चाळीस हजारांवर. ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या 5 तारखेला पाच हजार, आठ हप्ते. मला वाटत होतं सात हजार सोडायला नकोत. अजूनही तसंच वाटतं. तिनं कुणाचे सोडले, तर स्वतःच्या दुधाचे सोडले. पण येणं तिचं होतं आणि सोडायचं तिनं ठरवलं. निवाड्यावर दोघांच्या सह्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला, "काकी, फोन उचलायची लाज वाटायची." आई म्हणाली, "मला लावायची वाटायची."

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो पहिला हप्ता आणि एक दोस्त घेऊन आला. दोघांनी कपाटाची दारं काढली, मग ते वळणावरून सहज उतरलं. आत पोरीचा एक जुना गणवेश होता, तो आईनं धुऊन, घडी करून, वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता.

वरच्या खोल्यांत आता नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आहेत. करार नोंदवलेला, अंगठे आणि फोटोसकट. त्या दोघींना महिन्याच्या महिन्याला पावती मिळते, कारण भाड्याची पावती देणं हे घरमालकावर कायद्यानं बंधनच आहे.

नोव्हेंबरचा हप्ता वेळेवर आला. डिसेंबरचा आला नाही. 6 तारखेला सकाळी आईनं मला न विचारता, चष्मा लावून, मोबाइलवर एकेक अक्षर शोधत लिहिलं: "5 तारखेचा हप्ता जमा झाला नाही. कळवावे." पाठवलं, आणि मोबाइल बाजूला ठेवून भाकऱ्या थापायला बसली. तासाभरानं उत्तर आलं, पगार उशिरा आहे, 17 ला देतो. 17 ला आले.

संध्याकाळी तिनं वही उघडली, पावती लिहिली, तिकीट लावून त्यावर आडवी सही केली. आजोबांचा नियम होता, की रक्कम पूर्ण होईपर्यंत नुसतं "पावले" लिहायचं, आणि शेवटच्या पावतीवर "भरून पावले". तीन पावत्यांवर "पावले" आहे. खाली पाच पावत्यांची जागा तिनं पट्टीनं आखून ठेवली आहे.